उजवा गुडघा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला ठाऊक आहे, पण तिला मी सांगितलं नव्हतं, तिनं मला पकडलं होतं — आणि या दोहोंत फार फरक आहे. तुम्हाला सांगतोय, कारण तुमची-माझी ओळख नाही. ओळखीच्या माणसासमोर बोलायला जी छाती लागते ती माझ्यापाशी नाही, हे पुढं तुमच्या लक्षात येईलच. पण तोंड पाडून बसू नका. गोष्ट हसण्यासारखी आहे. लोक हसतातही. लग्नकार्यात, पानटपरीवर, माझ्या ऑफिसात — गेली कित्येक वर्षं ही गोष्ट सांगून लोक हसतात आणि त्यांच्याबरोबर मीही हसतो. फक्त तिच्यातला एक तुकडा मी कुणाला दिलेला नाही. तो आज देतो.

आधी अप्पांबद्दल सांगायला हवं.

मन्मथअप्पा माझे भागीदार. माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठे, उदगीरकडच्या शेतकरी घरातले, लातुरात गाळ्यांचा धंदा करणारे. कुणी व्यापारी संकुल बांधलं की त्यातले गाळे विकून द्यायचे, भाड्यानं लावून द्यायचे, आणि हात मोकळा असला की एखादा स्वतः घेऊन ठेवायचा, असा तो धंदा. मी तेव्हा एका वकिलाकडे खरेदीखतं टाइप करत होतो. हिमायतनगरकडचा, किनवटच्या वसतिगृहात शिकलेला, बायकोची नर्सची नोकरी लातुरात म्हणून इथं आलेला. अप्पा कागद घेऊन यायचे आणि मी त्यातल्या चुका काढायचो. एक दिवस त्यांनी माझ्या टेबलावर जिलेबीचा पुडा ठेवला आणि म्हणाले, "तुला कागद कळतो, मला मानूस कळतो. चल." आमची भागीदारी एवढ्यावर झाली. लेखी काही नाही. माझं आडनाव ऐकून एक-दोन गिऱ्हाइकांनी नाक मुरडलं, तेव्हा अप्पांनी त्यांना चहा पाजला आणि दुसरा दलाल बघा म्हणून वाटेला लावलं. त्याबद्दल ते माझ्याशी कधी एक शब्द बोलले नाहीत. मी ते दुसऱ्यांकडून ऐकलं.

आता तुम्हीच सांगा — अशा माणसाला 'मी चाललो' हे कसं सांगतात?

अप्पांचे दोन नियम होते. इसार झाला, म्हणजे सौदा पक्का करायला गिऱ्हाइकानं पहिली रक्कम हातावर ठेवली, की गोलाईच्या बाजारातून गरम जिलेबी आणायची, सगळ्यांना वाटायची आणि सगळ्यांत जास्त स्वतः खायची. आणि दुसरा — जो गाळा आपण जिना चढून पाहिला नाही, तो विकायचा नाही. आमच्या वेळची लातुरातली संकुलं बिनलिफ्टची. वरच्या मजल्याचा गाळा विकायचा म्हणजे दिवसभर गिऱ्हाइकामागं चढा आणि उतरा. एक गिऱ्हाईक बायकोला घेऊन यायचं, मग मेहुण्याला, मग वास्तू बघणाऱ्याला. दर खेपेला जिना तोच आणि आमचं कौतुकही तेच.

मला तो धंदा आवडायचा. रिकाम्या गाळ्याचं शटर वर करताना होणारा खडखडाट आवडायचा. सिमेंटचा ओला वास आवडायचा. चार महिन्यांनी त्याच जागी न्हाव्यानं आरसे लावलेले असत आणि तो मला ओढून आत नेऊन फुकट दाढी करायचा. पण एक गोष्ट मनात खुपत असे. आमचं सगळं घर 'येणार आहे' या दोन शब्दांवर चालायचं. समोर रस्ता येणार आहे. शेजारी बँक येणार आहे. पलीकडं बसस्टँड येणार आहे. कधी यायचं, पुष्कळदा यायचं नाही. आणि जे आलं नाही त्याची चौकशी करायला गिऱ्हाईक जिना उतरून माझ्याकडेच यायचं, कारण कागदाचा माणूस मी.

अशात दुष्काळ पडला. लातूरला रेल्वेनं पाणी आणलं ते वर्ष. बाहेरगावच्या लोकांना ती बातमी आठवते, आम्हाला घागरी आठवतात. बोअर कोरडे, नळ मुके, गाळा बघायला येणारं माणूस शटरकडे न बघता आधी विचारायचं, पाण्याचं काय? या प्रश्नावर 'येणार आहे' हे उत्तर अप्पांच्याही तोंडून निघेना.

त्याच महिन्यांत नांदेडहून किशोरचा फोन आला. किशोर म्हणजे वसतिगृहातला माझा खोलीसोबती. त्यानं तिथल्या वजिराबाद भागात गुंतवणुकीचं ऑफिस थाटलं होतं. शिक्षक, बँकवाले, डॉक्टर यांच्या शिलकीचं नियोजन करायचं, कुठला पैसा किती वर्षं कशात ठेवायचा ते सांगायचं, बाजार पडला की त्यांना धीर द्यायचा. काम वाढलं होतं, त्याला माणूस हवा होता. मात्र आधी एक परीक्षा पास व्हावी लागणार होती. तो म्हणाला, ये, बघ, नाही जमलं तर जा परत.

मी किती विचार केला म्हणून सांगू. इकडे जागा — हात लावून बघता येणारी, पण पाण्यावाचून पडलेली. तिकडे नुसते आकडे, ज्यांना हातही लावता येत नाही, पण जे मला वसतिगृहापासून आवडत आलेले. इकडे अप्पा, तिकडे किशोर. इकडे मी कुणाच्या तरी आधारानं उभा, तिकडे कदाचित स्वतःच्या पायावर. हा सगळा विचार खरा होता. पण त्याच्या तळाशी एक साधी गोष्ट होती. मला दोन्ही हवं होतं. परीक्षेत आपटलो तर परत यायला अप्पांची खुर्ची हवी होती, आणि पास झालो तर जायला नांदेड हवं होतं. म्हणून अप्पांना कळू द्यायचं नव्हतं.

पहिल्यांदा नांदेडला निघालो त्या सकाळी अप्पांनी साधं विचारलं, "नांदेडला काय काढलं?" मी नुकताच जिन्याच्या शेवटच्या पायरीवर ठेचकाळलो होतो, हात गुडघ्यावर होता. तोंडातून निघून गेलं, गुडघा दाखवायला चाललोय. हाडाचा चांगला डॉक्टर आहे म्हणे तिकडं.

"कोन्ता गुडघा?"

"उजवा."

बस्स. एवढंच. माझा उजवा गुडघा तेव्हा ठणठणीत होता, आज आहे, मधल्या काळात एक दिवसही त्यानं कुरकुर केलेली नाही. देवानं दिलेल्या अवयवांत मला त्याच्याइतका इमानी दुसरा मिळालेला नाही.

खोटं बोलणं सोपं असतं हो, ते पाळणं जड जातं. परत आलो तेव्हा अप्पा बसस्टँडवर उभे. हातातली पिशवी काढून घेतली. डॉक्टर काय म्हणाला? म्हटलं, जिने वर्ज्य. हे मी का म्हणालो? कारण जिने नसले की ऑफिसात बसून अभ्यास होणार होता. सुचलं आणि बोललो. दुसऱ्या दिवसापासून वरच्या मजल्याची सगळी गिऱ्हाइकं अप्पा एकटे नेऊ लागले. मी खाली पंख्याखाली परीक्षेचं पुस्तक वाचत बसलेला, आणि वरून त्यांचा आवाज यायचा, या, या, हवा लई मोकळी हाय.

लंगडणं मी चांगलं साधलं होतं. एकदा मात्र घोटाळा झाला. नांदेडच्या बसमध्ये पाय अवघडला होता, उतरताना डोक्यात परीक्षेचे प्रश्न, आणि मी चक्क डाव्या पायानं लंगडत ऑफिसात शिरलो. अप्पांचं बारीक लक्ष. माझ्या पायांकडे बघत राहिले. आणि ते हळूच, अगदी कळवळून म्हणाले, "आता डाव्यावर बी भार पडून राहिला की रे." संध्याकाळी तेलाच्या दोन बाटल्या घरी आल्या, एकेका गुडघ्याला एक. बायको हसून हसून पलंगावर आडवी झाली.

हो, तिनं तोवर मला पकडलं होतं. नर्स आहे ती, नवऱ्याचा गुडघा कसा चालतो हे तिला कळणार नाही? अप्पा तिला फोन करून विचारायचे, वहिनी, शेक द्यावा का? तिनं मला निक्षून सांगितलं, तुमचं तुम्ही निस्तरा, मी नर्स आहे, मी गुडघ्याबद्दल खोटं बोलणार नाही. मग ती फोनवर एवढंच म्हणायची — अप्पा, ते मला काही दाखवत नाहीत. शब्दशः खरं होतं.

इथपर्यंत तुम्ही हसला असाल. हसा. मला त्या दिवसांची आजही मजा वाटते, नाही म्हणणार नाही. पण आता पाण्याचं सांगायचं आहे.

आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहायचो. टँकर खाली गल्लीत यायचा. मुलं मी हिमायतनगरला आई-वडलांकडे पाठवून दिली होती. बायकोची ड्यूटी सकाळची, टँकर यायचा तोही सकाळीच. राहिलो मी. आणि मी तर गुडघेवाला. पहिल्या दिवशी मी खाली जायला निघालोच होतो, चप्पल पायात घातली होती, तोच जिन्यात अप्पांचा आवाज. आपल्या घरचं पाणी भरून ते माझ्यासाठी आले होते. दोन्ही हातांत दोन कॅन. धापा टाकत वर आले, कॅन ठेवले आणि मलाच रागावले, उठलास कशाला? बस खाली.

मी बसलो.

पुढं टँकर आला की अप्पा यायचे. पन्नाशी उलटलेला माणूस, उन्हानं काळा पडलेला, धोतराचा सोगा खोचून दोन मजले चढायचा, आणि मी तिशीतला गडी चादरीखाली पुस्तक लपवून पलंगावर बसून त्यांच्या पावलांचा आवाज ऐकायचो. मी किती सहज उठू शकलो असतो. एक वाक्य लागत होतं. ते रोज ओठांवर यायचं आणि रोज मी म्हणायचो, परीक्षा झाली की सांगू. बायकोला हे कळलं त्या दिवशी ती हसली नाही. तिनं अप्पांनी आणलेल्या पाण्याचा चहा करायचं सोडलं. स्वतः ड्यूटीवरून येताना कुठून तरी कळशीभर पाणी आणायची आणि त्यातच स्वतःचं भागवायची. माझ्यासाठी अप्पांचं पाणी होतंच. ते मी प्यायलो. गोड होतं.

आणि याच दिवसांत जिल्ह्याची हवा उठली.

उदगीर जिल्हा होणार, ही बातमी आमच्याकडे अधूनमधून येतच असते. या वेळी मात्र सगळेच म्हणत होते की पक्कं आहे. कलेक्टर ऑफिस कुठं होणार इथपर्यंत लोकांनी वाटून टाकलं होतं. अप्पांच्या घरात या बातमीला वेगळं वजन होतं. पूर्वी लातूर उस्मानाबादेतून निघून जिल्हा झाला, त्याच्या ऐन तोंडावर अप्पांच्या वडलांनी लातुरातली मोक्याची जागा विकून टाकली होती. मरेपर्यंत म्हातारा त्या जागेसमोरून गेला नाही, लांबून वळसा घालायचा. अप्पांना उदगीरला जागा घेऊन संकुल बांधायचं होतं आणि त्यावर वडलांचं नाव लावायचं होतं. पाटी कशी असेल ते त्यांनी मला कितीदा तरी हवेत बोटानं लिहून दाखवलं होतं.

जागा बघायला आम्ही दोघं गेलो. गाडीतून उतरायच्या आधी त्यांनी मला थांबवलं. जमीन नांगरटीची, ढेकळं फार, तुझ्या गुडघ्याला सोसायचं नाही. मी गाडीत बसलो. ते भर उन्हात त्या जागेच्या चारी बाजूंनी एकटे फिरले. प्रत्येक कोपऱ्यावर थांबायचे, माझ्याकडे तोंड करून हात वर करायचे — हा कोपरा बघ, आता हा बघ. मीही काचेतून हात करत होतो. त्या क्षणी मला त्यांच्याबद्दल इतकं प्रेम वाटलं की काय सांगू. आणि त्याच क्षणी भीतीही वाटली. जागा घेतली तर आमच्या दोघांचं सगळं तिच्यात जाणार, मग मी नांदेडला कसा जाणार? माझी परीक्षा तोवर झाली होती. मी पास होतो. निकाल माझ्या खिशात होता.

अप्पा घामाघूम होऊन गाडीत बसले. धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. मग म्हणाले, "जागा लई चांगली हाय. पन तू कोपऱ्यावर उभा राहून बघितली न्हाईस. न चढता न बघता आपन काही घेत न्हाई. तुझा गुडघा बरा होऊ दे, मग बघू."

मी म्हणायला हवं होतं, अप्पा, थांबा, मी उतरतो. दार उघडायचं आणि चार पावलं चालायची. नाही तर म्हणायचं की मी चाललोय, तुम्ही खुशाल घ्या, तुमच्या हिमतीवर घ्या. दोन्हींपैकी काहीही चाललं असतं. मी काय केलं? मी म्हणालो, तुम्ही म्हणाल तसं. आणि मला आनंद झाला. हाच तो तुकडा. भीती नव्हे, लाज नव्हे — मला सुटल्याचा आनंद झाला. परतीच्या वाटेवर मी त्यांना उसाचा रस पाजला आणि जोक सांगितले.

पुढचं सगळं आपोआप झालं. काही दिवसांनी अप्पांनीच मला समोर बसवलं आणि चाचरत म्हणाले, रागावू नको, पण तुला आता बसून करायचं काम पाहिजे. म्हणजे मला जे सांगायचं धाडस होत नव्हतं ते त्यांनी मलाच सांगितलं, आणि वर त्यांचेच डोळे भरले. मी बिलंदरासारखा जरा वेळ विचार केल्याचं दाखवलं आणि म्हटलं, नांदेडला एक मित्र आहे खरा. त्यांनी मला निरोप दिला तो असा की सख्ख्या भावाला कुणी देणार नाही. नांदेडला काम शिकून मी लातुरात परतलो आणि किशोरच्या ऑफिसची शाखा उघडली, तेव्हा नारळ अप्पांनी फोडला, आणि माझे पहिले गुंतवणूकदारही तेच. फॉर्मवर सही करताना म्हणाले, मला यातलं काही कळत नाही, पण मानूस कळतो.

ऑफिस अर्थात तळमजल्यावर. जागा अप्पांनी शोधली.

जिल्हा झाला नाही. हवा आली तशी गेली. ज्यांनी उदगीरला घाईनं जागा घेतल्या ते हात चोळत बसले, आणि अप्पांनी गावभर सांगायला सुरुवात केली की मिलिंदच्या गुडघ्यानं मला वाचवलं. ही ती हसायची गोष्ट. अप्पा ती फार रंगवून सांगतात. मी गाडीत बसून नुसती 'नको' म्हणून मान हलवली, असंही त्यात नंतर आलं. लोकांनी त्यातून काढलं की हा माणूस दूरचं बघतो. मास्तर मंडळी, व्यापारी, निवृत्त तहसीलदार — माझ्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येकजण ती गोष्ट ऐकून आला. कुणी विचारतं, तुम्ही जागांच्या धंद्यातून गुंतवणुकीत कसे आलात? मी हसून उजव्या गुडघ्यावर थाप मारतो. लोक खूश होतात. माझं बरं चाललंय. फार बरं. नवं काम मला मनापासून आवडतं, आणि ते निवडण्यात मी चुकलो नाही हे मला ठाऊक आहे.

पण अप्पा खरंच वाचले का? मागे देगलूरला जाताना मी मुद्दाम उदगीरच्या त्या जागेवरून गेलो. मूळ मालकानं तिथं गाळे काढलेत. काही बंद होते, काही चालू. साड्यांचं एक दुकान गजबजलेलं होतं. वर मालकाच्या वडलांचं नाव, मोठ्या पिवळ्या अक्षरांत. अप्पांनी बांधलं असतं तर बुडाले असते की तरले असते — मला माहीत नाही. त्यांनाही कधी कळणार नाही. ते मी होऊ दिलं नाही.

आणि लंगडणं? ते चालूच आहे. इतरांसमोर नाही, फक्त अप्पा दिसले की. अंगात भिनलंय. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत मी पूर्वी असा नाचायचो की पोरं गोल करून बाजूला व्हायची. पण अप्पा दरवर्षी मिरवणुकीच्या वाटेवर ताकाचं पिंप घेऊन उभे राहतात. तेव्हापासून मी त्यांच्याशेजारी उभा राहून ग्लास भरतो आणि खालच्या खाली पायाची बोटं हलवतो. अप्पांच्या मुलीच्या लग्नात त्यांनी माझ्यासाठी मांडवात खास गादीची खुर्ची ठेवली होती. मधल्या काळात त्यांनी वरच्या मजल्यावर छान घर बांधलं. ते मी अजून आतून पाहिलेलं नाही. मी गेलो की अप्पाच खाली येतात, आणि आम्ही जिन्याशी उभे राहून बोलतो.

परवा औशाला त्यांच्या मुलाचं लग्न होतं. नवरदेवाला घोड्यावर बसवून वाजतगाजत मारुतीला नेतात, त्याला आमच्याकडे परण्या म्हणतात. परण्यामागून एक छोटा टेम्पो चालला होता आणि त्यात एकच खुर्ची होती — माझी. मी तीत बसलो होतो, शेजारी खाली सतरंजीवर नवरदेवाची आत्या. हलगी सुरू झाली. मी ठरवलं, आता पुरे. तोंडानं सांगता येत नाही ना, मग नाचून सांगू. टेम्पोतून उडी मारली, अप्पांच्या नेमका समोर गेलो आणि नाचलो. अहो, काय नाचलो! इतक्या वर्षांचं साठलेलं. गुडघे वाकवून, उड्या मारून, बसून, उठून. वाटलं, आता त्यांचा चेहरा उतरेल, ते विचारतील, आणि मी सांगेन.

अप्पा बघत राहिले. मग त्यांनी दोन्ही हात आकाशाकडे केले आणि लहान पोरासारखे हसत, रडत माझ्याकडे धावले. मला मिठी मारली. "बरा झाला रे, बरा झाला तुझा गुडघा." मला सोडून ते रस्त्याकडेच्या हलवायाकडे गेले, गरम जिलेबी घेतली आणि तिथंच उभ्यानं खायला लागले. एक, मग आणखी, मग आणखी. पाक मिशांवरून ओघळत होता.

मला काही कळेना. त्यांनी जिलेबी सोडली होती, हे माझ्या लक्षात होतं. साखरेचा आजार असेल असं मी धरून चाललो होतो. विचारलं कधी नाही. त्यांची बायको माझ्याशेजारी उभी होती, पदरानं डोळे पुसत. ती म्हणाली, "तुमचा गुडघा बरा होस्तोवर खानार न्हाई, म्हनून सिद्धेश्वराला नवस बोलले होते. तेव्हापासून तोंडाला लावली न्हाई."

हलगी वाजत होती. पोरं मला परत आत ओढत होती. अप्पांनी जिलेबीचा एक घास माझ्या तोंडात कोंबला आणि माझ्यासोबत नाचायला लागले. मी नाचलो. काही बोललो नाही. त्या दिवशी औशाच्या रस्त्यावर आमच्या दोघांइतका आनंदी माणूस कुणी नव्हता, आणि त्या आनंदातला माझा भाग चोरीचा होता.

हे लिहून झालं की मी सगळं सांगायला त्यांच्याकडे निघणार आहे. 'णार आहे' यावर विश्वास ठेवू नका म्हणाल, तर तुमचं बरोबर आहे. जिन्याशी उभं राहून हाक मारली की गुडघा बरा झाल्याचं विसरून ते सवयीनं खाली यायला निघतील. आज मी त्यांना वरच्या पायरीवरच थांबवीन. म्हणेन, अप्पा, तुम्ही उतरू नका. मी वर येतो.